चादरीचा कोपरा

दिपाली वाघमोडे एखाद्या धंद्याची वेबसाइट करायला घेते, तेव्हा पहिले दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावत नाही. ती त्या दुकानात जाऊन स्टुलावर बसते आणि गिऱ्हाइकांचे हात पाहते. चेहरे नाही, हातच. जे दिसेल ते वहीत टिपते. 'बियाणं : पाकीट हलवून आवाज ऐकतात.' 'भांडी : आधी झाकण लावून बघतात.' 'शेंगा चटणी : पाकीट उलटं करून तारीख.'

ती मंगळवेढा तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली. बाजारात मेंढी घेणारा माणूस तिच्या तोंडाकडे बघत नाही, पाठीवर चार बोटं दाबतो, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. वहीत पहिली नोंद तीच आहे.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तिने एका ऑफिसातली नोकरी सोडली आणि स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. चार महिन्यांत मिळालेलं पहिलं मोठं काम चनबसप्पांचं. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्यांचा चादरींचा कारखाना आहे आणि गावात दुकान. ते जमलं तर दुसरे कारखानदार आपोआप येणार होते. नाही जमलं तर ती नोकरीवर परतणार होती. जुन्या साहेबांना तिने तसं विचारूनही ठेवलं होतं.

चनबसप्पांची आधीची वेबसाइट तीन वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेली होती. तिच्यावर चित्रं सरकत, 'नवीन' हा शब्द लुकलुकत असे, आणि सगळ्यात वर कोट घातलेले दोन गोरे गृहस्थ हात मिळवत उभे होते. ते कोण, हे चनबसप्पांनाही माहीत नव्हतं. मग एका प्रदर्शनात त्यांनी दुसऱ्या कारखानदाराची वेबसाइट पाहिली. बदामी रंगाचं पान, मधोमध एक टॉवेल, बाजूला बारीक राखाडी अक्षरांत चार शब्द. बाकी काही नाही.

"मला असंच पायजे," ते दिपालीला म्हणाले. "रिकामं."

काउंटरवर शहाजी चादरींच्या घड्या घालत होता. तीस वर्षं तो तेच करतो आहे. "अण्णा, मागल्या टायमाला तुमीच म्हणत होता की, एवढी जागा मोकळी सोडली तर तिचं भाडं कोण देणार म्हणून."

"तवा तशी फॅशन होती. आता रिकामं म्हंजे श्रीमंत. तू घड्या घाल." मग दिपालीकडे वळून, "सोमवारी दाखव. पटलं तर तुझं काम. न्हायतर पुण्याच्या कंपनीला सांगून ठेवलंय."

दिपालीचा रिकाम्या जागेला विरोध नव्हता. ही पद्धत उगाच आलेली नाही, असं ती म्हणते. लोक वेबसाइट मोबाइलवर बघतात, पडदा चिंचोळा असतो, भोवती गर्दी नसली की नजर मालावर जाते. लुकलुकणारी अक्षरं आणि कोटवाले गृहस्थ गेले, ते याच कारणाने. तिला एवढंच कळत नव्हतं की, काउंटरवर गिऱ्हाईक जे करतं, ते या मोकळ्या पानावर कसं करणार. सांगितल्याप्रमाणे तिने पान केलं. मधोमध लाल मोराची चादर.

शनिवारी दुपारी ती मोबाइल घेऊन दुकानात आली. पहिली गोष्ट पायरीवरच कळली. सोलापूरच्या उन्हात राखाडी अक्षरं दिसतच नव्हती. तिने ती तिथेच उभ्या उभ्या काळी केली. दुसरी गोष्ट गोजाबाईंनी दाखवली.

गोजाबाई माळशिरसहून मुलीच्या लग्नात आहेराला द्यायच्या चादरी घ्यायला आल्या होत्या. शहाजीने मोबाइल त्यांच्या हातात दिला. "मावशी, जरा ह्यात बघा, कशी वाटती ते."

गोजाबाईंनी फोटो पाहिला. मग चादरीच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि वर ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. पदराने काच पुसली आणि तिसऱ्यांदा ओढला.

"अडकलंय काय हे?"

"मावशी, फोटू हाय तो."

"ते कळतंय की रं बाबा. हिची पाठ कुटं हाय?"

सोलापुरी चादर दोन्हीकडून वापरता येते. एका बाजूला पांढऱ्यावर लाल मोर असेल, तर दुसरीकडे लालावर पांढरा. म्हणून घेणारा माणूस आधी कोपरा उलटतो. वीण कशी आहे तेही पाठीवरच कळतं. शहाजी तर कुणी मागायच्या आत कोपरा उलटून धरतो. दिपालीच्या वहीत याच दुकानाच्या पानावर तसं लिहिलेलं होतं, खाली दोनदा रेघ ओढून. वेबसाइटचं पान करताना ती बदामी रंगाच्या मागे लागली आणि तेवढंच राहून गेलं.

तिने शहाजीकडून तीच चादर मागून घेतली. रविवारी तिच्या पाठीचा फोटो काढला आणि कोपऱ्याला बोट लावून ओढलं की चादर उलटेल, अशी सोय केली. बोट लागताच काहीतरी हलणं, ही सध्या वेबसाइटवरची मोठी हौस आहे. बहुतेक ठिकाणी ते नुसतंच हलतं.

सोमवारी तिने चादर काउंटरवर परत दिली आणि आतल्या खोलीत गेली. चनबसप्पांनी मोबाइल हातात घेतला. बदामी रंग बघून मान डोलावली. "मोकळं हाय. बरं हाय." दिपाली कोपऱ्याबद्दल सांगणार, एवढ्यात त्यांचा अंगठा तिकडे गेलाही होता. चादर उलटली. त्यांनी ती सुलटी केली, पुन्हा उलटली. खिशातून चष्मा काढला, लावला. मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"शहाजी!"

शहाजी आत आला.

"ही चादर हिला कुणी दिली?"

"मीच की अण्णा. रॅकवरची."

"अय्यो, डोळं कुटं होतं तुझं? पाठीला धागा सुटलाय. मोराच्या मानेपाशी बघ."

शहाजीने बाहेरून ती चादर आणली आणि ट्यूबलाइटखाली पसरली. मानेपाशी बोटभर लांबीचा धागा सुटलेला होता. शहाजीच्या नजरेतून तो निसटला होता. दिपालीने तर त्याचा फोटो काढून तो चांगला मोठा करून लावला होता.

"हा सेकंडचा माल झाला," चनबसप्पा म्हणाले. "जगाला हा दाखवायचा काय?"

"अण्णा, आणि वेबसाइट?" दिपालीने विचारलं.

"आदी चादर बदल की. आन् बाकीच्या बावीस डिझाइनींचं बी असंच पायजे. पाठी मी बगून देतो, मगच फोटू काढ. ह्याच्यावर इसंबू नको."

"तीस वर्षांत एक धागा," शहाजी पुटपुटला.

पुण्याच्या कंपनीचा विषय निघाला नाही. संध्याकाळपर्यंत चनबसप्पा एकेक चादर उलटत होते आणि पास झालेली दिपालीच्या बाजूला सरकवत होते. बाविसांतल्या तीन त्यांनी परत पाठवल्या.

त्या दिवशी वहीत एकच नवी ओळ आहे. 'मालक : पाठ बघताना चष्मा लावतात.'