आबांनी आईचं नाव घ्यावं म्हणून

आबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. गाणं मात्र राहिलं. माझे वडील म्हणजे दोंडाईचाच्या आसपासच्या लग्नांतले हौशी मंगलाष्टकवाले; माईक हातात आला की भटजींनाही परत मिळत नसे. आता त्यांना साधं 'पाणी' म्हणता येईना, पण 'शुभ मंगल सावधान' असं खणखणीत म्हणायचे की दवाखान्याच्या वॉर्डातल्या बायकांचे हात अक्षता टाकायला वर जात.

धुळ्याच्या स्पीच थेरपीच्या बाईंनी समजावलं, की बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतो, गाण्याचा बराचसा उजवीकडे. आबांची डावी बाजू दुखावलीय, तेव्हा उजवीकडून काम काढून घ्या. म्हणजे जे हवं ते चालीवर म्हणायला लावा.

मग काय, आमचं घर मंगल कार्यालय झालं. मी ओळ रचायची, आबांनी मागोमाग म्हणायची. 'आणा ताक जरा, मला न मिळता चालेल का हो कधी, सावधान!' ताक यायचं. शेजारच्या काकू दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. घरात लग्न आहे आणि आपल्याला बोलावणं नाही, असा त्यांचा समज झाला होता.

महिन्याभराने बाईंनी आबांना फोटो दाखवले. गाय ओळखली, छत्री ओळखली. मग आईचा फोटो पुढे केला. "आबा, या कोण? नाव सांगा. गाऊन सांगितलं तरी चालेल." आबा छताकडे बघत बसले. बाईंनी कागदावर लिहिलं, पत्नीचे नाव सांगता येत नाही.

अहो, कसं सांगतील? चाळीस वर्षांत त्या माणसाने बायकोचं नाव घेतलेलं नाही. आईला हाक म्हणजे 'अवं'. स्वतःच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा या मंगलाष्टकवाल्याला एवढा खोकला आला, की वऱ्हाडाने सुंठ आणली. हे मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या, पण कागदावरचं खोडलं नाही.

आई मात्र हसली नाही. परतताना तिने नरडाणा गाव मागे पडू दिलं. मग म्हणाली, "लाजी राह्यनात का भुली ग्यात, हाई माले कसं कयी?" लाजणारा आणि विसरलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो. मला त्या कागदाचा भयंकर राग आला.

घरी आल्यावर तिने मला फर्मान सोडलं, "एक उखाना लिखी दे. चालवर." मी लिहिला. शेवटी तिच्या नावापुरती जागा मोकळी ठेवली. दुपारी आबांना खुर्चीत बसवलं. आई नवं लुगडं नेसून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली, समोर यायची तिलाही लाज. आबांनी ओळ झकास उचलली आणि नावापाशी थांबले. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच थांबले. आईने पदर तोंडाशी धरला.

तिसऱ्या वेळी त्यांनी डावा हात उचलला आणि मला बाहेरच्या दाराकडे बोट दाखवलं. मला कळेना. त्यांनी डोळे वटारले. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला, की पोरासमोर बायकोचं नाव कसं घ्यायचं!

मी ओट्यावर जाऊन बसलो. आतून ओळ सुरू झाली, आणि शेवटी आईचं नाव आलं. चांगलं लांबवून, वरच्या पट्टीत, 'सावधान'सकट. इथे मी ते लिहीत नाही, तिला चालायचं नाही. शेजारच्या काकूंसकट सगळी गल्ली दारात आली.

"हळू म्हना ना," आईचा आवाज आला, "बठ्ठा आयकी राह्यनात."

आतून दाराला कडी लागली. मग ती म्हणाली, "आखो एकदाव म्हना."