गयाबाईचे दोरे

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, पोरांना न्हाई. आज तुम्हाला सांगून राह्यलो, कारण — कारण काही न्हाई. स्वतःची किळस येते, एवढंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी परतूरचा, घरची शेती भरपूर. हैदराबादला कॉम्प्युटर सिस्टिम अ‍ॅनालिसिसची पदवी करत होतो. गावात कुणाला ते नावही धड घेता येत नव्हतं — आणि त्याचा मला केवढा माज! खरं तर कॉम्प्युटर मीही काचेतूनच पाहिलेला. भोकं पाडलेली कार्डं खिडकीतून आत द्यायची, बस. शेवटच्या वर्षी एखाद्या कारखान्यात बसून तिथलं काम कसं चालतं ते मांडायचं, सुधारणा सुचवायच्या, असा प्रकल्प होता. मी जालन्याचा एक बियाण्यांचा कारखाना धरला.

तिथं गोदामात गयाबाई होती. भोकरदनकडची, बौद्ध घरातली, सातवी शिकलेली, रोजंदारीवर. कुठलं बियाणं उगवणीच्या तपासणीत पास, कुठलं नापास, कुठलं अजून बाकी — हे ओळखायला तिनं पोत्यांना दोरे बांधायची युक्ती काढल्ती. हिरवा, लाल, पांढरा. गाठी मोजल्या की माल कुठल्या गावचा तेही कळायचं. हमालांना वाचता येत नव्हतं, पण पोतं कधी चुकलं न्हाई. "बघा दादा, लाल दोरा असला की पोतं बिलकुल हालवायचं न्हाई," असं एकेक करत पंधरा दिवस तिनं मला सगळं सांगितलं. मी वहीत उतरवत गेलो. तहान लागायची, ती पाणी पुढं करायची — मी नको म्हणायचो. का, ते तुम्हाला कळलं असेलच. तिलाही कळत होतं. तिची अक्कल मला चालली, पाणी चाललं न्हाई.

मंग अहवाल लिहिला. सुरेख चौकटी, बाण. तिचं नाव कुठंच न्हाई.

मॅनेजरसाहेबांनी तो गोदामातच चाळला. गयाबाई चार पावलांवर उभी. सुपरवायझरची कायमची जागा भरायची होती, हे मला माहीत होतं.

"हे डोकं कुणाचं हो?"

"माझं."

"आणि ही? हिला काही कळतं, का नुसते दोरे बांधते?"

किती बोलायचं होतं मला? एकच वाक्य. मी म्हणालो, "नुसते बांधते."

ती जागा दुसऱ्याला गेली. मला पहिला वर्ग मिळाला. पुढं नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत मी त्या दोऱ्यांची गोष्ट सांगितली — माझी म्हणून. पण बघा, मी पुन्हा टाळून राह्यलो. सगळ्यात घाण ते अजून सांगितलंच न्हाई.

त्या दिवशी जाता जाता मॅनेजर तिला म्हणाले, "यांच्याकडून पद्धत नीट शिकून घे." ती माझ्यासमोर येऊन बसली. मान खाली न्हाई — सरळ माझ्याकडं बघत. मला थांबता आलं असतं. तिथं तिसरं कुणीच नव्हतं. मी वही उघडली. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास... तिचीच युक्ती मी तिला अर्धा तास शिकवली. आणि वर विचारलं, "समजलं का, गयाबाई?"

"समजलं, साहेब," ती म्हणाली.