कौल लागण्याआधी

आमच्या घरात एकही मोठा निर्णय माणसांनी घेतलेला नाही, अशी माझी परवापरवापर्यंत पक्की समजूत होती. सगळे निर्णय राजापूरकडच्या आमच्या गावच्या देवाने घेतले. देव म्हणजे काळा पाषाण. त्याच्या अंगावर ठरलेल्या जागी गुरव ओल्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि मग सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. याला आमच्याकडे कौल लावणं म्हणतात. पूर्वी त्यासाठी कुणीतरी गावाला जायचं. गुरवांनी मोठ्या स्क्रीनचा फोन घेतल्यापासून देव आणि आमच्यामध्ये फक्त नेटवर्क उरलं आहे.

वडील सिल्वासाला सरकारी कचेरीत नोकरीला आले ते कौल लावून. टोकरखाड्यातला हा फ्लॅट घेतला तोही कौल लावून. मी सायन्सला गेले तीसुद्धा देवाच्या परवानगीने. फ्रिज तेवढा वडिलांनी आपल्या मनाने आणला आणि तो पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला. वडील गेल्यावरही आईने त्यांना त्याबद्दल पुरतं माफ केलेलं नाही.

मी शाळेत फिजिक्स शिकवते, त्यामुळे कौलाची चेष्टा करण्याचा हक्क मला आपोआप मिळाला आहे असं मी धरून चालले होते. पण खरं सांगायचं तर मीही आईसारखीच होते. देवाच्या जागी मी कारणं बसवली होती, इतकंच. चेंडू हातातून सुटला की तो कुठे पडणार ते ठरलेलं असतं. वेग माहीत असू दे, कोन माहीत असू दे, पुढचं सगळं गणित. माणसंही अशीच कुठूनतरी सुटलेली असतात आणि जिथे पडायचं तिथे पडतात, असं मला मनापासून वाटे. एकदा वर्गात हे जरा जोशात बोलून गेले, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, फिर तो मेरे मार्क्स भी फिक्स हैं ना? होमवर्क क्यूं करूं?" वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, "तू हे विचारणार हेही फिक्स होतं, आणि मी तुला दुप्पट होमवर्क देणार हेही." वर्ग अजून हसला आणि मी जिंकले. पण स्टाफरूममध्ये चहा पिताना माझं मलाच कळलं की मी तिला उत्तर दिलेलंच नाही.

असं सगळं आधीच ठरलेलं मानण्यात मोठी सोय असते. चूक कुणाचीच राहत नाही. माझं पहिलं लग्न काकांनी जमवलं होतं. मुलगा डोंबिवलीचा, घर नावाजलेलं, कौल उजवा. त्या घरात मला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त मी तिथे आहे याने कुणाला काही फरक पडत नव्हता, माझ्या नवऱ्याला तर सगळ्यात कमी. काही वर्षांनी मी दोन बॅगा घेऊन सिल्वासाला परत आले, पुढे घटस्फोटही झाला. लोक म्हणाले नशीब. मी म्हटलं कारणं. दोन्ही शब्दांनी झोप चांगली लागते.

मग आईचा मिक्सर जळाला.

आमच्या खालच्या मजल्यावर खानदेशातले एक गृहस्थ भाड्याने राहायला आले होते. जवळच मसाटला धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला. बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही, गाव चाळीसगावकडे. आमच्या घरात त्यांना 'खालचे' म्हणत. आईने जिन्यात गाठून त्यांच्या हातात मिक्सर ठेवला. तो त्यांनी दुरुस्त केला, पण वर आणून दिला तेव्हा त्याचा आवाज इतका वाढला होता की आम्हा तिघांना हसू आवरेना. "चालतो ना? मग आवाजाकडे लक्ष देऊ नका," ते म्हणाले. त्यांना आपल्या कामावर हसता येतं, हे मला आवडलं. इतक्या वर्षांत मला कुणाबद्दल काही आवडलं होतं, याची मलाच गंमत वाटली.

पुढे चहा झाले, भाजीची देवाणघेवाण झाली. त्यांनी कळण्याची, म्हणजे उडीद-ज्वारीची, भाकरी खाली थापून वर आणली. आईने ती कौतुकाने खाल्ली आणि ते गेल्यावर घोटभर पाणी पिऊन म्हणाली, "माणूस चांगलाय."

माघातल्या एका संध्याकाळी आम्ही दोघं अथालच्या बाजूला नदीकाठी चालत गेलो होतो. पुलाच्या अलीकडे ते थांबले आणि कामाचं काही सांगावं तसं सांगून टाकलं. कंपनी त्यांना दूर दहेजकडच्या दुसऱ्या प्लांटला पाठवणार होती. सोमवारी हो की नाही कळवायचं होतं. "तुम्ही लग्नाला हो म्हटलं, तर मी त्याहिले नाही सांगतो. तुम्ही नाही म्हटलं, तर मी जातो. मले राग येनार नाही. तुमच्यावर काही दबाव नाही, मॅडम."

याहून मोठा दबाव माझ्यावर आयुष्यात कुणी टाकला नव्हता.

मला हो म्हणायचं होतं. ते मला पुलापाशीच कळलं होतं. पण हो म्हणायला तोंड उघडलं की डोंबिवलीचं ते स्वयंपाकघर समोर यायचं, आणि वाटायचं, त्या वेळी सुटलेला चेंडू अजून हवेतच आहे. पुन्हा तसंच होईल. मी तीच, माझा स्वभाव तोच, मग वेगळं काय घडणार? मी त्यांना रविवारपर्यंत थांबायला सांगितलं आणि घरी येऊन भांडी आदळली.

आईने भांड्यांचा आवाज ऐकून सगळं ओळखलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जमिनीवर बसून वालपापडी निवडत होतो, तेव्हा ती म्हणाली, "रविवारी कौल लावू."

माझं डोकं फिरलं. "तुझ्या देवाने मागच्या वेळी उजवा दिला होता, आठवतंय? मला नकोय त्याचा उजवा. आणि डावा दिला तर काय करू? त्यांना दहेजला पाठवू? एका कळीसाठी?"

आई पापडीची शीर काढत राहिली. मग म्हणाली, "मागल्या वेळी प्रश्न काय विचारलानी होता, तुला माहित्ये?"

"लग्न करावं का. अजून काय असणार?"

"नाही. तुझ्या काकांनी विचारलं, घराणं चांगलं आहे का. देवाने सांगितलं, चांगलं आहे. घराणं चांगलंच होतं. त्याने खोटं नाही सांगितलंन. तुला तो मुलगा हवाय का, हे देवालाही कुणी विचारलं नाही आणि तुलाही. मी विचारायला हवं होतं. गप्प बसले. तेवढं एक मला अजून टोचतं."

आईने आयुष्यात टोचण्याबिचण्याची भाषा कधी केली नव्हती.

"आणि बाकीच्या वेळी?" मी विचारलं.

आता ती हसली. दात नसलेल्या बाजूने, चोरून. "बाकीच्या वेळी मी विचारायची. सिल्वासाला यायला तुझी आजी तयार नव्हती, काका नव्हते. परमुलूख म्हणायचे. मी बाई माणूस, त्यांच्यापुढे काय बोलणार? मी म्हटलं, देवाला विचारू. देवाला म्हटलं, शाळा सुरू व्हायच्या आधी जावं की गणपती झाल्यावर?"

माझ्या हातातली पापडी तशीच राहिली. "जावं की नाही, असं विचारलंच नाहीस?"

"कशाला विचारू? जायचं तर मला होतंच."

"आणि माझं सायन्स?"

"मुंबईला शिकावं की वलसाडला, असं विचारलं. तू शिकावंस की नाही हे विचारलं असतं तर काकांनी घरात आठ दिवस चर्चा केलीनी असती."

"म्हणजे देवाला नाही म्हणायला जागाच नाही."

"मी ठेवलीच नाही," आई म्हणाली.

"आई, तू देवाला फसवलंस."

"फसवायचं काय त्यात? त्याला सगळं कळत होतं. तोही देत होता की मजेत."

माझ्यातली मास्तरीण एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. मी तिला समजावू लागले. तुला सिल्वासाला यायचं होतं ते तरी कुठे तू ठरवलंस? सासरी तुझा जीव घुसमटत होता, तुला स्वतःला चौथीनंतर शाळेतून काढलं होतं, त्याचा सल होता. त्या सगळ्यातून ती इच्छा आली. म्हणजे तीही ठरलेलीच. आईने शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या बोलण्यातलं तिला सगळं समजलं, याची मला खात्री आहे.

"कुठून का आली असेना," ती म्हणाली. "आली तेव्हा मी तिला हाकलली नाही. एवढंच केलं मी. तू सारखी हाकलतेस." आणि पापडीची परात उचलून आत गेली.

त्या दोन-तीन दिवसांत मी पुष्कळ विचार केला. आईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी आखलेलं होतं. घर, माणसं, कुणापुढे किती बोलायचं तेही. मला मोकळं रान मिळालं होतं. शिक्षण, पगार, परत येण्यासाठी आईचं दार. तरी आमच्या दोघींत हवं ते करून घेतलं होतं तिनेच. तिच्याकडे फारच थोडी जागा होती आणि तिने ती सगळी वापरली. माझ्याकडची मी कारणं मोजत पडीक ठेवली होती. मला तिचा हेवा वाटला, आणि अभिमानही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी आईने आंघोळ करून फोन लावला. गुरवांनी तो देवळात समईशेजारी कशाला तरी टेकवून ठेवला, त्यामुळे देव आम्हाला थोडा तिरका दिसत होता. कळ्या लावून तयार होत्या. "काय गो वयनी, बरी हायस ना?" विचारून झालं, पाऊसपाणी झालं. मग ते म्हणाले, "हां, काय विचारू?"

आईने फोन माझ्याकडे दिला. "प्रश्न हिचा आहे. ही सांगेल."

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघू लागली. इतकी वर्षं सगळ्यांचे प्रश्न मांडणाऱ्या बाईने नेमका माझा प्रश्न मांडायला नकार दिला होता.

"बोल गो बाय," गुरव म्हणाले.

"हे लग्न…" मी सुरुवात केली, आणि पुढचे शब्द आपोआप जिभेवर आले, करावं की करू नये. आईने मान वळवली. असं काही पाहिलंन माझ्याकडे की मी लहानपणी बरणीत हात घालताना पकडले जायचे तशी थबकले. तसं विचारलं असतं, तर मी पुन्हा एकदा सुटलेला चेंडू झाले असते. कळी जिकडे पडेल तिकडे मी.

मी म्हटलं, "हे लग्न तिकडे देवासमोर करावं, की इथे सिल्वासाला?"

बोलून गेले आणि कान तापले. ते वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते माझ्याच आवाजात होतं.

"म्हंजे ठरलंय काय!" गुरव ओरडलेच. "आधी सांगायचंस ना गो!" मग घाईने सावरून, हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा महाराजा, लेक परमुलुखात ऱ्हाते, तिच्या मनात असं असं हाय, तुझ्यासमोर असेल तर उजवा दे, तिकडे असेल तर डावा दे.

कळ्या चिकटून होत्या. कौलाला कधीकधी बराच वेळ लागतो. ओल्या कळ्या सुकाव्या लागतात, असं माझ्यातली मास्तरीण म्हणते. देव विचार करतो, असं आई म्हणते. मी स्क्रीनकडे बघत होते आणि मला कळलं की कुठली पडते याकडे माझं लक्षच नाही. आज रविवार होता. खालचे घरी होते. त्यांना उद्या सकाळी कंपनीला कळवायचं होतं.

मी फोन आईच्या हातात दिला आणि पायात सापडल्या त्या चपला घालून जिना उतरले. एक माझी होती, एक आईची. दार त्यांनी लगेच उघडलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि मागे टेबलावर आमचाच मिक्सर पुन्हा उघडून ठेवलेला. आईने तो त्यांना सकाळीच नेऊन दिला होता, हे मला तेव्हा समजलं.

"उद्या कंपनीला नाही सांगा," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. चपलांकडेही पाहिलं. मग म्हणाले, "आईंनी सांगितलं होतं, आज कौल लावनार म्हणून. काय लागला?"

"माहीत नाही. अजून पडायचाय."

त्यांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, आणि ते पुसायला त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचाच हात वर नेला. मी घाबरून तो धरला, तो बराच वेळ सोडला नाही. तेवढ्यात वरून आईची हाक आली. देवाने काहीतरी दिलं होतं. उजवा की डावा, ते बघायला आम्ही दोघं बरोबर जिना चढलो.