वजन बघायचं, मिशी न्हाई

गेनू उस्तादांनी माझा सलाम घेण्याआधी मला धक्का मारून पाडलं. भिंगारच्या छावणीतलं वर्कशॉप, खाली फरशी, आणि मी कडक इस्त्रीच्या गणवेशात पालथा. उठून बघतो तर हे मिशीवरून हात फिरवत उभे! "पडतो बरा," म्हणाले. "कुनी शिकिवलं?"

असल्या माणसाला काय उत्तर द्यायचं? एकाहत्तरची लढाई संपून वर्ष झालं होतं. मी भिंगारचाच, पण फौजेतली उमेदीची वर्षं काश्मीरच्या बर्फात स्कीवर काढलेली. अंगानं इतका किरकोळ की सगळ्यात लहान मापाचा कोटही मला गुडघ्यापर्यंत यायचा. पण उतारावर भल्याभल्यांना माझी पाठच दिसायची. त्या हिवाळ्यात गुलमर्गला शर्यत होती. ती जिंकणाऱ्याला फौजेच्या संघात घेणार होते; तिथे एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी मी जीव टाकत होतो. बूट स्कीला धरून ठेवणारे नवे, स्प्रिंगचे चाप आले होते. ते बसवून घ्यायला मला उस्तादांकडे धाडलं होतं.

उस्ताद पारनेरकडचे. एके काळी फौजेत स्की शिकवायचे. त्यांच्या वेळी बूट चामड्याच्या पट्ट्यांनी स्कीला आवळून बांधत. एकदा ते पडले आणि पट्टे काही सुटले नाहीत. "पाय फिरला, पन स्की न्हाई फिरली," एवढंच ते सांगत. उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. पेन्शनीत निघाले आणि भिंगारच्या वर्कशॉपात लागले. तो पाय बाजूला फेकत चालायचे, आणि वाटेत कोणी आलं तर त्याला काठीचा प्रसाद मिळायचा. जवान त्यांना टरकून असत.

चाप दोन तऱ्हेचे होते. एक मोठा, दणकट. दुसरा छोटा, परदेशात म्हणे बायका आणि शाळकरी पोरं वापरतात तो. मी अर्थातच मोठा उचलला. उस्तादांनी छोटा पुढे सरकवला. तिथे उभा असलेला एक लान्सनायक फिदीफिदी हसला, "परकर पण शिवून द्या याला!" तो हसून संपायच्या आत काठी त्याच्या तोंडावर बसली. दातातून रक्त आलं. "आता हस की," उस्ताद शांतपणे म्हणाले.

पण माझं डोकं फिरलेलंच होतं. पोरींचा चाप लावून मी शर्यतीत उतरू? भिंगारच्या तालमीत वाढलेला गडी मी! "मोठाच बसवा," मी हट्टानं म्हणालो.

"बसिवतो की. त्याला काय हुतंय?"

त्यांनी स्की जमिनीवरच्या फळीला स्क्रूनं जखडली, मोठा चाप बसवला, त्याची स्प्रिंग होईल तेवढी ढिली केली आणि मला बूट घालून त्यात उभं केलं. मग लाकडी हातोडा घेऊन बुटाच्या टोकावर आडवा हाणला. चाप हलला नाही. माझा गुडघा मात्र असा पिळला की मी गुरासारखा ओरडलो. त्यांनी पुन्हा हाणला. मी अडकलेल्या पायानंच वळलो आणि त्यांच्या तोंडावर बुक्की मारली.

ओठ फाटला. उस्ताद रक्त थुंकले.

"हात चांगला हाय," म्हणाले, "डोकं न्हाई. आरं, ह्यो चाप रेड्यासाठी केल्याला हाय. तुज्या वजनानं त्यो जल्मात उघडायचा न्हाई. चापाला तुजी मर्दानगी काय कळती? वजन बघायचं, मिशी न्हाई!"

मग त्यांनी छोटा चाप बसवला. तो ढिलाही सोडला नाही. "पोरींचा आसला तरी तू पोरीसारखा सावकाश थोडाच जानार हायेस?" असं म्हणत स्प्रिंग चांगली पिळली. हलके ठोके घातले तेव्हा बूट जागचा हलला नाही. जोरात हाणल्यावर चाप खाडकन उघडला आणि मी फरशीवर आदळलो. थोडा स्क्रू फिरवायचा की पुन्हा हातोडा. संध्याकाळपर्यंत माझी ढोपरं सोलून निघाली, आणि म्हातारा घामानं निथळत होता.

"आजून घट्ट करा उस्ताद. वळणात सुटला तर शर्यत गेली."

"आनि पडताना सुटला न्हाई तर पाय गेला. शर्यत पुढच्या साली बी असती."

माझ्यासाठी पुढचं साल नव्हतं, फौजेतली माझी मुदत त्याच साली संपत होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी स्क्रूला हात लावू दिला नाही.

गुलमर्गला मी निम्म्या उतारापर्यंत सगळ्यांच्या पुढे होतो. मग एका वळणावर बर्फाची काच झालेली लागली. पाय आडवा गेला, चाप उघडला, स्की कुठल्या कुठे उडाली आणि मी गडगडत खालच्या झाडांत जाऊन धडकलो. दोन बरगड्या मोडल्या, तोंड रक्तबंबाळ झालं. संघातली जागा दुसऱ्याला गेली.

भिंगारला परतलो तो घरी न जाता थेट वर्कशॉपात शिरलो आणि उस्तादांची गचांडी धरून त्यांना भिंतीवर आपटलं. "तुमचा चाप सुटला म्हणून पडलो मी! वाटोळं केलंत माझं!"

"पडलास म्हनून सुटला त्यो," ते म्हणाले. काठी हातात होती, पण त्यांनी उचलली नाही. "चालत आलास न्हवं माजी गचांडी धराया?"

 माझ्या मुठी सुटल्या नाहीत. उस्ताद तसेच, ताठ पाय बाजूला टाकून, भिंतीला घासत हळूहळू खाली बसले. कॉलर माझ्या हातात, म्हणून मलाही वाकावं लागलं. त्यांनी दोन्ही हातांनी माझे पाय चाचपले, आधी एक, मग दुसरा, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.

"दोन्ही हायेत," ते म्हणाले, आणि हा दांडगा म्हातारा माझ्या पायांना मिठी मारून हमसून हमसून रडायला लागला.