सांबार म्हणजे काय

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दादाजवळ तर मुळीच नाही — ऐकल्यावर तो माझ्या घरी पुन्हा जेवला असता की नाही, कोण जाणे. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून कदाचित जमेल.

गोष्ट वाशीमजवळच्या शिरपूरची, दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षे आधीची. देवळाच्या जत्रेला लांबलांबून यात्रेकरू यायचे आणि उन्हात पाण्याची फार आबाळ व्हायची. अमरावतीच्या कॉलेजातून आम्ही आठ-दहा जण स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. माझ्या वाट्याला बायकांची पाणपोई आली. विहिरीचे पाणी शेंदून रांजण भरायचे काम माझे. ओगराळ्याने ते बायकांच्या ओंजळीत ओतायचे काम मालतीचे. मालती पुण्याची, वाशीमला मामाकडे सुटीला आलेली. मला ती पहिल्या तासातच आवडली. आता लपवून काय करू?

पण आवडलेल्या माणसाशी बोलायचे तरी काय? तुम्हाला पडलाय कधी हा प्रश्न? मला तो अख्खा दिवस पडला. दोन घागरींच्या मध्ये मी 'ऊन फार आहे' एवढेच तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा ती हसली आणि तुम्ही कुठले, असे तिने विचारले. मी अमरावतीचा म्हणालो. खोटे म्हणावे तर राहत होतोच की तिथे — खोलीत, तिघांबरोबर. रिसोडजवळचा आमचा भाजीचा मळा, तो पिकवणारी आई आणि दादा, हे काही मी काढले नाही.

दुसऱ्या दिवशी रांगेतली एक म्हातारी सोबतिणीला 'बयताड' म्हणाली. मालतीने हळूच मला अर्थ विचारला. आई मला दिवसातून दहा वेळा बयताड म्हणायची! पण मी तर अमरावतीच्या सुशिक्षित घरातला — मग मी कपाळाला आठ्या घातल्या, विचार केल्यासारखे केले आणि म्हणालो, वेडगळ असावे बहुतेक. ती खूश झाली. कसे ओळखलेत म्हणून विचारू लागली. आणि मला बोलायला विषय सापडला.

मग खेळच सुरू झाला. काहून म्हणजे का, वावर म्हणजे शेत, भेदरं म्हणजे टोमॅटो — बायका बोलायच्या, ती माझ्याकडे बघायची, मी अंदाज केल्याचे सोंग करून बरोबर सांगायचो. ती छोट्या वहीत पेन्सिलीने लिहून घ्यायची. ती टिंगल करत नव्हती, हे सांगायलाच हवे. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. 'मले' कुठून आले, 'तुले' कुठून आले, याचे तिला भारी नवल. या भाषेची लाज वाटत होती ती मला. मी 'ही माणसं' म्हणत होतो. ही माणसं असं बोलतात, ही माणसं तसं बोलतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी रांगेत आई उभी होती.

ती शिरपूरला कधी येत नसे. रिसोडचा बाजार सोडून तिने कुठे टोपली नेलेली मला ठाऊक नव्हती. जत्रेत भाजी खपेल म्हणून कुणाच्या बैलगाडीत बसून आली असावी. तिने मला पाहिले. तिचा चेहरा कसा झाला, ते मला लिहिता येणार नाही. तोंड उघडून ती हाक मारणार — आणि मी वळून घागर उचलली. रिकामी घागर. वळताना तिने मला पाहिले का? पाहिले. तेवढी ती हुशार होती.

मालतीने तिला पाणी दिले आणि टोपलीत काय आहे म्हणून विचारले. सांबार, आई म्हणाली. मालती लगेच माझ्याकडे वळली.

"सांबार म्हणजे काय हो? ओळखा बघू."

"नाही बुवा," मी म्हणालो. "हे काही माझ्या ऐकण्यात नाही."

का म्हणालो? बाकीचे सगळे शब्द ओळखले होते, हाही ओळखता आला असता. मी सांबाराच्या वाफ्यांत चालायला शिकलो. त्या एकाच शब्दाला नाही का म्हणालो, याचे मला अजून कुतूहल आहे, आणि उत्तर कोणतेही निघाले तरी ते चांगले निघणार नाही.

आईने टोपली खाली ठेवली, ओले फडके बाजूला केले आणि एक जुडी माझ्यापुढे धरली.

"वास घेऊन पाहा, भाऊ. तुमच्याकडं याले कोथिंबीर म्हनत असतील."

तुमच्याकडं! जन्मात तिने मला तू सोडून काही म्हटले नव्हते. आणि कोथिंबीर हा शब्द तिला कुठून ठाऊक? मागच्या सुटीत मीच तिला चुलीपाशी टोकले होते, सांबार काय म्हणतेस, कोथिंबीर म्हण. हे मला फार उशिरा आठवले.

मालतीने तिला मुलेबाळे विचारली.

"दोघं हायेत," आई म्हणाली. "एक मळा पाह्यते. दुसरा शिकून राह्यला. लय दूर हाये."

मी जुडी हुंगली. छान वास आहे, असे मालतीला म्हणालो. तिने वहीत सांबार लिहिले.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही, मीही नाही. सुटीत घरी गेलो की तशीच ताट वाढायची, तशीच तू म्हणायची. मालती त्याच आठवड्यात पुण्याला गेली. पुढे तिची माझी गाठ नाही.

एक सांगायचे राहिले. त्याच दिवशी, ऊन जरा उतरल्यावर आई परत निघाली. टोपली रिकामी होती. पाणपोईपुढे तेव्हा रांग नव्हती, रांजण मी नुकताच भरला होता. ती आमच्या बाजूला आली नाही. विहिरीपलीकडे बैलांना पाजायचा दगडी हाळ होता, तिथे ती वाकली आणि ओंजळीने पाणी प्याली. मी पाहत होतो. मालती मला विचारत होती, उद्या आहात ना? मी तिला हो म्हणत होतो.