मास्तरांनी ठेवलेलं नाव

भुईगावच्या इग्नेशियस मास्तरांना पंचेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायची हुक्की आली, तेव्हा त्यांच्या बायकोने हातच जोडले. विषय घेतला, वसईतल्या एकट्या बायकांची श्रद्धा. मुंबईचे प्राध्यापक म्हणाले, छापील प्रश्नावली काढा, टक्केवारी मांडा.

"सर, लूकने शुभवर्तमान लिहिलं ते टक्केवारी काढून नव्हे," मास्तर म्हणाले. "ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना नीट विचारून लिहिलं. मीही तसंच करीन."

प्राध्यापक भला माणूस, त्याने मान्य केलं. दोनच अटी घातल्या. खरी नावं लपवा, आणि लिहिलेलं ज्याचं त्याला घरी जाऊन वाचून दाखवा.

अठ्ठ्याहत्तर साली मास्तरांची सायकल निघाली ती दोन वर्षं थांबली नाही. एकोणीस बायका बोलत्या झाल्या. कॅथरिन मावशी मात्र दाद देईना. मास्तर ओटीवर बसायचे, ती वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधत राहायची. सातव्या खेपेला तिने हात थांबवला आणि सगळं सांगून टाकलं. सोळाव्या वर्षी ती पापडी गावातल्या एका मोठ्या वाडीत कामाला होती. मालकापासून मुलगा झाला. पुढे मालकिणीला मूल झालं आणि महिन्याच्या आत हिला लेकरासकट बाहेर काढलं. तो मुलगा म्हणजे व्हॅलेरियन. बाप बोटीवर वारला, एवढंच त्याला ठाऊक.

"मास्तर, त्याला कळलं तर मी मेले," ती म्हणाली.

मास्तरांना भरून आलं. खरी नावं लपवायचीच होती, तर त्यांनी प्रत्येकीला पवित्र शास्त्रातलं नाव दिलं. सासूला सांभाळणारी ती रूथ, लेकरासाठी रडलेली ती हन्ना. आणि कॅथरिनला हागार. अब्राहामाच्या घरची ती दासी, त्याच्यापासून मुलगा झालेली आणि त्याच्या बायकोने, सारेने, मुलासकट हाकललेली. पण रानात देवाने तिच्याकडे पाहिलं होतं. मास्तरांना वाटलं, यापेक्षा मोठा मान या बाईला दुसरा कोण देणार? नाव लिहिताना त्यांचे डोळे ओले झाले होते. खोटं कशाला सांगा, माणूस मनाचा चांगलाच होता.

पण चांगुलपणाला थोडी हौसही चिकटलेली असते ना. घरोघरी एकट्या बाईला वाचून दाखवायचं सोडून मास्तरांनी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या गावासमोर वही उघडली. रूथ झाली, हन्ना झाली, बायका पदराआड हसल्या. मग मास्तर वाचू लागले, "हागार सांगते, मला लेकरासकट घराबाहेर काढलं..."

अहो, वीस वर्षं याच मास्तरांनी गावाला धर्मशिक्षण दिलेलं. हागार कोण, तिचा मुलगा कोणाचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. कॅथरिन पापडीच्या वाडीवरून कडेवर मूल घेऊन आली, हेही म्हाताऱ्यांना आठवत होतं. एकेक मान तिच्याकडे वळली. दाराशी उभ्या व्हॅलेरियनने त्या माना पाहिल्या, मग आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्याला तेवढं पुरलं.

संध्याकाळी तो पिशवी घेऊन निघून गेला. पत्र नाही, निरोप नाही. एकदा कामणला गोदामावर दिसला असं कुणी म्हटलं, म्हणून मास्तर सायकल मारत गेले. तो तिथे नव्हता.

मास्तरांनी ती पानं चुलीत घातली आणि मग प्रबंधही सोडून दिला. वर्षभर कॅथरिनच्या घरावरून जायची हिंमत झाली नाही. अखेर एका दुपारी गेले आणि ओटीखाली उभे राहिले. ती सुकेळी बांधत होती. तिने पाट सरकवला.

"मावशी, मी तुझं नाव लपवायला गेलो गं," मास्तर म्हणाले आणि रडू लागले.

तिने त्यांना रडू दिलं. हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"माझंच लिहायचं होतं, मास्तर," ती म्हणाली. "कॅथरिन या गावात अकरा आहेत."