आयरीनच्या हॉटेलातली बैठक

ऑर्लिन हाउगेन जन्मापासून बहिरा. उत्तर मिनेसोटातल्या हॅलस्टन गावात त्याने उभी हयात छापखान्यात काढली. गावातल्या लग्नपत्रिका, मासेमारीच्या स्पर्धेची भित्तिपत्रकं, मयताच्या प्रार्थनेची कार्डं, सगळी त्याच्याच हाताखालून गेलेली. त्यामुळे त्याला ओळखत नाही असं घर गावात नव्हतं. आणि त्याच्याशी बोलता येईल असंही घर नव्हतं, त्याचं स्वतःचं सोडून.

बायको ल्यूएलाही बहिरी. बधिरांच्या निवासी शाळेत दोघं एका वर्गात होते. ती भांडी घासताना मध्येच वळून बोलायला लागली की ओल्या हातांचे शिंतोडे भिंतीवर उडायचे. तो चिडायचा. ती म्हणायची, "तोंडाने बोलणाऱ्यांची थुंकी उडते, त्याचं काय?"

ल्यूएला कर्करोगाने गेली. शेजारी कागदावर लिहून सांत्वन करून गेले. एकीने लिहिलं, घर आता फार शांत वाटत असेल. ऑर्लिनने ते वाचून मान हलवली. घर त्याच्यासाठी कायमच शांत होतं. संपलं होतं ते बोलणं. मुलगी कर्स्टन ऐकू येणारी, लांब ओरेगनला. रविवारी संगणकाच्या पडद्यावर भेटायची, हातांनी बोलायची. बाकी आठवडाभर हात नुसते मांडीवर.

नगर परिषदेची निवडणूक आली तेव्हा एका जागेसाठी कोणीच उभं राहीना. ऑर्लिनने अर्ज भरला. कर्स्टनने विचारलं, "बाबा, हे काय भलतंच?" तो म्हणाला, "फूटपाथवरचा बर्फ कोणी काढत नाही. हेल्मी बाई चाकांचा वॉकर घेऊन रस्त्यातून चालते. एखाद्या दिवशी ट्रकखाली जाईल." हे खरंच होतं. पण ज्या घरात दिवसदिवस कोणी बोलत नाही, त्या घरातून बाहेर पडायला एक कारण हवं होतं, हेही खरं होतं. ते त्याने पोरीला सांगितलं नाही.

तो निवडून आला. कायद्याप्रमाणे परिषदेने दुभाषी दिली. रोशेल नावाची बाई दर बैठकीला डलुथ शहरातून गाडी हाकत यायची आणि त्याच्या समोर बसायची. सभासद बोलले की तिचे हात बोलायचे, तो हातांनी बोलला की तिचा आवाज. महापौर ड्वेन पेल्टोला, लाकडाच्या वखारीचा मालक, पहिल्या दिवशी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "आपल्या गावात कोणीही वगळलं जात नाही." टाळ्या झाल्या. ऑर्लिनला त्या दिसल्या. त्यालाही बरं वाटलं.

मग पुलाचा विषय आला. नदीवर पायी जायचा जुना लोखंडी पूल होता. पलीकडे म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या, अलीकडे किराणा दुकान आणि दवाखाना. पूल गंजला होता. दुरुस्त करायचा की पाडायचा? ऑर्लिन पलीकडच्या घराघरांत जाऊन आला होता. पूल दुरुस्त करावा, हे आपलं म्हणणं त्याने आरशासमोर हातवारे करून बसवलं होतं.

बैठकीत ड्वेनने विषय वाचला. परिषदेतला ग्लेन म्हणाला, "पाडावा." रॉजरने अनुमोदन दिलं. ड्वेन म्हणाला, "मतदान." रोशेलचे हात अजून 'अनुमोदन'वर होते तोवर तिघांचे हात वर गेले. बर्नडीन, गावातली निवृत्त परिचारिका, जरा रेंगाळली आणि तिनेही हात वर केला.

ऑर्लिन उठून उभा राहिला. "चर्चा कुठे झाली?" त्याने विचारलं. रोशेलने ते मोठ्याने सांगितलं.

तो रोशेलकडे बघत राहिला. तिचे हात मांडीवर होते. शेवटी तिने सावकाश खूण केली, "कोणीच बोलत नाहीये."

मग बर्नडीन टेबलाकडे बघत काहीतरी पुटपुटली. रोशेलने सांगितलं, "आयरीनकडे झाली, म्हणतायत त्या."

आयरीनचं हॉटेल हमरस्त्यावर होतं. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी परिषदेची मंडळी रोज सकाळी अंडी, बटाटे आणि कॉफीवर बसायची. ऑर्लिन जाता-येता काचेतून त्यांना बघायचा, हात करायचा. तेही हात करायचे. गप्पा मारतात बिचारे, एवढंच त्याला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत गेला. ड्वेनने पाठीवर थाप मारून खुर्ची ओढली. आयरीनने न विचारता कॉफी ओतली. कोणी त्याला नको म्हणालं नाही, हेच अवघड होतं. तोंडं हलत होती. ग्लेनच्या ओठांवर मिशी, रॉजरच्या तोंडात घास, ड्वेन बोलताना खिडकीबाहेर बघणारा. तो एका तोंडाकडे वळेपर्यंत बोलणं दुसऱ्या तोंडात गेलेलं. एकाएकी सगळे हसले. ऑर्लिनने वही पुढे सरकवली: काय झालं?

ड्वेनने लिहिलं: काही नाही रे. मग सांगतो.

'मग सांगते.' त्याची आई जेवणाच्या टेबलाशी हेच म्हणायची. आठ माणसांचं घर, सगळे हसतायत, आणि एक पोरगा सगळ्यांचे चेहरे बघत बटाटे चिवडतोय. ते 'मग' कधी आलं नव्हतं. ऑर्लिन आता सत्तरीच्या पुढे होता, आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसला होता.

पुढच्या बैठकीत त्याने रोशेलला सकाळी आयरीनकडे बोलवता येईल का, असं परिषदेला विचारलं. ड्वेन हसत म्हणाला, "सरकारी खर्चाने दुभाषी, आणि कशाला, तर कॉफी प्यायला? ऑर्लिन, ती न्याहारी आहे बाबा, बैठक नाही."

"पाचातले तिघं बसून गावाचं काम ठरवतात, ती बैठकच," ऑर्लिन म्हणाला. "तसा कायदा आहे. बैठक असेल तर दार सगळ्या गावाला उघडं पाहिजे. मलाही."

"आपण मित्र आहोत, ऑर्लिन."

"मला नुसती मैत्री नकोय. मला वाद हवाय. माझ्याशी भांडा ना कोणीतरी!"

हे म्हणताना त्याचे हात इतक्या जोरात चालले की मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं. रोशेलनेही आवाज चढवला असावा, कारण मागच्या बाकावरची माणसं दचकली.

प्रकरण गावाच्या वकिलाकडे गेलं. त्याने ऑर्लिनचं म्हणणं बरोबर ठरवलं. पुलाचं मतदान रद्द झालं, विषय पुन्हा उघड्या बैठकीत आला. या वेळी सभागृह भरलं होतं. हेल्मी वॉकर ढकलत पुढे आली आणि म्हणाली, "पूल पाडलात तर दुकानाला जायला मला हमरस्त्याने लांबचा वळसा. माझ्या या गाडीला इंजिन नाही, पोरांनो." लोक हसले, आणि या वेळी ऑर्लिनही सगळ्यांबरोबर हसला. ग्लेन तावातावाने उठला. गंज किती आत गेलाय, कोणी पडलं तर जबाबदार कोण, दुरुस्तीला किती पैसे लागतील, सगळं त्याने मांडलं. ऑर्लिनने उत्तर दिलं. ग्लेनने ते खोडलं. दोघं अगदी हमरीतुमरीवर आले. रोशेलच्या कपाळावर घाम आला.

मतं पडली. तीन विरुद्ध दोन. बर्नडीन या खेपेला ऑर्लिनच्या बाजूला होती. तरी पूल हरला.

घरी परतताना ऑर्लिनला दुःख झालं, पण त्या दुःखात लहानपणापासूनची ती ओळखीची ठसठस नव्हती. आपण का हरलो हे त्याला शब्दाशब्दानिशी ठाऊक होतं.

आयरीनकडची न्याहारी मात्र बंद झाली. वकिलाने तंबी दिल्यावर तिघं एका टेबलाशी बसायला कचरू लागले. लांब टेबल रिकामं पडलं. पोस्टात, दुकानात लोक ऑर्लिनला बघून मान हलवायचे, पण पूर्वीसारखा हात वर जात नव्हता. रॉजरच्या बायकोने चर्चमध्ये त्याच्या शेजारची जागा सोडून मागचा बाक धरला. जिच्यात शिरायला तो धडपडला होता, ती बैठकच त्याने मोडली होती. आपण चुकलो नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. बरोबर असल्याने एकटेपणा कमी होत नाही, हेही त्याला त्या हिवाळ्यात कळलं.

एकदा तो आयरीनकडे गेला आणि कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी बसला. आयरीन कॉफी ओतताना काहीतरी बोलली. त्याने वही दिली. तिने उभ्या-उभ्या लिहिलं: तुझ्यापायी माझं सकाळचं गिऱ्हाईक गेलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: नवरा चिडलाय, मी नाही. अंडी कशी करू?

बर्फ वितळल्यावर पूल पाडला. ऑर्लिन बघायला गेला. यंत्राचा प्रत्येक दणका जमिनीतून त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. पलीकडच्या काठावर हेल्मी उभी होती. दोघांनी आपापल्या काठावरून एकमेकांना हात केला. तिच्याशी बोलायला आता त्यालाही हमरस्त्याने जावं लागणार होतं.

परिषदेवरची मुदत संपत आली तसं कर्स्टनने रविवारी पडद्यावर विचारलं, "आता पुरे ना, बाबा? माझ्याकडे ये. इथे बहिऱ्या लोकांची मंडळं आहेत, दर शुक्रवारी जमतात. तुला बोलायला माणसं मिळतील."

 तिकडे जाणं सोपं होतं, आणि ऑर्लिनला ते मनापासून हवंही होतं.

"येईन," तो म्हणाला. "उन्हाळ्यात महिनाभर येईन. पण नव्या पुलाचा विषय पुढच्या वर्षी निघेल. ग्लेन पुन्हा वाद घालणार. त्याला उत्तर द्यायला कोणीतरी नको का?"

"आणि निवडून नाही आलास तर?"

"तर मागच्या बाकावर बसेन. दुभाषी तिथेही द्यावी लागते."

कर्स्टन हसली, मग तिने डोळे पुसले. ऑर्लिनने तिला जेवलीस का विचारलं, तिने आपल्या मुलाला पडद्यासमोर ओढून आणलं, आणि आजोबांना त्याने नुकत्याच पडलेल्या दाताची फट दाखवली.

सोमवारी सकाळी ऑर्लिनने कोट चढवला आणि अर्ज भरायला नगर परिषदेच्या कचेरीकडे निघाला. वाटेत त्याला कोणी भेटलं नाही.